क्वालालंपूर ते सिंगापूर : एका तासाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही कागदावर ‘क्वालालंपूर ते सिंगापूर हे अंतर’ एवढेच लिहून दिले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, की विषय चुकून अर्धवट लिहिला गेला आहे काय? तो अर्धवट नव्हता. दोन गावांमधले अंतर हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आम्हांलाही फार उशिरा उमगली, आणि ती उमगण्यास एका लोडरचा प्रश्न कारण झाला.

एका विमानतळावर कंत्राटी लोडरांची संघटना बांधण्याचे काम आम्ही काही वर्षे केले. रात्रपाळी सुटली, की बाहेरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि सभासदांची गाऱ्हाणी वहीत टिपायची, असा आमचा शिरस्ता. त्या टपरीवर एके पहाटे एक तरुण लोडर आम्हांला म्हणाला, “काका, माझा भाऊ सिंगापुरात फिटर आहे. तो म्हणतो, तिथून क्वालालंपूर विमानानं एक तास. पण तो जातो तेव्हा सकाळचा निघालेला, दुपारच्या जेवणाला पोचत नाही. मग तो एक तास कुणाचा?”

तास कुणाचा, हा आमच्या धंद्यातला जुनाच प्रश्न. पाळीचा तास भोंग्यापासून मोजायचा की फाटकापासून, जेवणाची सुट्टी मालकाच्या खात्यावर की मजुराच्या, यावरून आमच्या आयुष्याची तीस वर्षे गेली आहेत. पण विमानाच्या तासाला हा प्रश्न लावून पाहावा असे आम्हांला सुचले नव्हते. आमचे शालेय शिक्षण नववीवर थांबलेले. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांतून, संपाच्या नोटिसा लिहिता लिहिता. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. हिशेब मात्र चोख मिळेल.

तर प्रथम हिशेबच मांडू. क्वालालंपूरचा सेपांग येथील विमानतळ आणि सिंगापूरचा चांगी विमानतळ यांच्यामधले सरळ हवाई अंतर सुमारे २९७ किलोमीटर. आपल्या मुंबई-कोल्हापूरइतकेच म्हणा ना. रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर. वेळापत्रकात विमानाची वेळ एक तास ते एक तास दहा मिनिटे अशी छापलेली असते, आणि त्यातले प्रत्यक्ष हवेतले पाऊण तासाच्या आसपास. २०१८ साली या एका मार्गावर वर्षाकाठी तीस हजारांहून अधिक विमाने उडाली, म्हणजे दिवसाला ऐंशीच्या वर. दोन देशांना जोडणाऱ्या सर्व हवाई मार्गांत तो त्या वर्षी जगातला सर्वांत गजबजलेला मार्ग ठरला होता. एवढा वाहता रस्ता, आणि तो सबंध दोनशे वर्षांच्या आतला!

सिंगापूर हे इंग्रजांचे ठाणे झाले १८१९ साली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे हे अंतर अस्तित्वातच नव्हते, कारण पलीकडचे टोकच नव्हते. मध्ये घनदाट अरण्य, दलदलीच्या नद्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी गलबते. त्या काळात सिंगापूरचे नाते क्वालालंपूरपेक्षा आपल्या मुलखाशी अधिक होते, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी तिकडे धाडले जात. सिंगापूरचे जुने रस्ते आणि तिथले सेंट अँड्र्यूजचे मोठे देऊळ या हिंदी कैद्यांच्या हातचे आहे. उलट तिकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे येत. महाबळेश्वरला जुन्या चिनी तुरुंगाची गोष्ट आपण ऐकली असेल. तिथे बटाटा आणि विलायती भाजीपाला पिकविणारे ते कैदी याच सामुद्रधुनीच्या वसाहतींतून आणलेले होते. मजुराला हद्दपार करून फुकट राबवायचे, तर समुद्र आड येत नाही. अंतर कमी करण्याची ही पद्धत पहिली.

क्वालालंपूर वसले १८५७ च्या सुमारास, आणि तेही कथलासाठी. सेलांगोरच्या राजघराण्यातील राजा अब्दुल्ला याने ८७ चिनी खाणकामगार क्लांग नदीने वर पाठविले. जिथे गोंबाक नदी क्लांगला मिळते तिथे त्यांनी होड्या सोडल्या आणि ते रानात शिरले. महिनाभरात त्यांपैकी हिवतापातून अवघे अठराजण वाचले, असे परंपरेने सांगतात. मग दुसरी तुकडी आली. गावाच्या नावाचा अर्थच ‘चिखलाचा संगम’. आज त्या संगमाकडे पाहणाऱ्या प्रवाशाला त्या नावातला चिखल दिसत नाही, आणि त्या ८७ जणांपैकी एकाचेही नाव आम्हांला कुठल्या पुस्तकात आढळले नाही.

खाणीतले कथील होडीने नदीच्या मुखाशी, तिथून आगबोटीने सिंगापूरला, अशी ती वाट. ताशी आठ-दहा सागरी मैल चालणारी बोट धरली, तर नुसत्या समुद्राच्या वाटेलाच जवळजवळ एक दिवस लागे. १८९० मध्ये सिंगापूरजवळच्या पुलाऊ ब्रानी बेटावर स्ट्रेट्स ट्रेडिंग कंपनीची कथील गाळण्याची भट्टी पेटली, आणि मग आतल्या मुलखातली कच्ची धातू सिंगापूरकडे ओढली जाऊ लागली. लक्षात घ्या, ही दोन गावे माणसांच्या भेटीगाठींसाठी जवळ आली नाहीत. एकीकडे खाण होती, दुसरीकडे भट्टी आणि बंदर.

पुढे आगगाडी आली. १८८६ साली क्वालालंपूरपासून क्लांगच्या नदीकाठापर्यंतचा फाटा सुरू झाला. सिंगापूर बेटावर १९०३ साली गाडी धावू लागली. मधला जोहोर संस्थानातला रूळ १९०९ मध्ये पुरा झाला. आता उरली ती फक्त जोहोरची खाडी, एका किलोमीटरची. तिथे उतारूंनी गाडीतून उतरायचे, तरीत बसायचे, पलीकडे पुन्हा गाडी धरायची. ही एका किलोमीटरची अडचण हटविण्यासाठी समुद्रात दगडांचा भराव घालून बांध घातला गेला. त्यालाच कॉजवे म्हणतात. दगड पुलाऊ उबिन आणि बुकित तिमा येथल्या खाणींतून आला. १ ऑक्टोबर १९२३ पासून त्यावरून उतारूंच्या गाड्या जाऊ लागल्या, आणि रात्रीच्या मेलमध्ये झोपलेला माणूस खाडी ओलांडताना कूस बदलेनासा झाला.

हे रूळ टाकणारे, खडी फोडणारे, पुढे त्याच रुळांवर गँगमन म्हणून आयुष्य काढणारे लोक बहुतांशी तमिळ होते. रबराच्या मळ्यांतही तेच. त्यांची भरती करणाऱ्याला ‘कंगाणी’ म्हणत. कंगाणी म्हणजे आपला मुकादमच समजा. गावाकडून उचल देऊन माणसे आणायची आणि त्यांच्या मजुरीवर आपले डोईपट्टीचे कमिशन खायचे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा प्राणी नव्याने समजावून सांगावा लागत नाही. करारबद्ध मजुरी १९१० साली बंद झाली, कंगाणीची भरती १९३८ साली हिंदुस्थान सरकारने थांबविली. तोवर लाखो माणसे तिकडे गेलेली होती.

आता घड्याळाकडे वळू. अंतर तासांत मोजायचे, तर तास कुणी ठरविला हेही पाहिले पाहिजे. १९०५ सालापासून या दोन्ही शहरांची घड्याळे ग्रिनिचच्या सात तास पुढे लावलेली होती. १९३३ मध्ये सरकारने ती वीस मिनिटे पुढे सारली. १९४१ च्या सप्टेंबरात आणखी दहा. १९४२ मध्ये जपानी आले आणि त्यांनी टोकियोची वेळ लावली, म्हणजे एकदम दीड तास पुढे! युद्ध संपले तसे घड्याळ परत साडेसातावर आले. शेवटी १ जानेवारी १९८२ रोजी मलेशियाने आपल्या पूर्व भागाशी वेळ जुळविण्यासाठी ते अर्धा तास पुढे केले आणि सिंगापूरने त्याच क्षणी मागोमाग तेच केले. सूर्याच्या हिशेबाने पाहाल, तर आज क्वालालंपूरचे घड्याळ जवळजवळ सव्वा तास पुढे आहे. सहाला उठणारा माणूस तिथे खरा पावणेपाचला उठतो.

हे वाचताना आम्हांला १९०६ साल आठवले. हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. तेव्हा मुंबईतल्या गिरणीकामगारांनी काम बंद करून निषेध केला होता. शहाणेसुरते लोक त्यांना हसले असतील. पण अंधारात घराबाहेर कोणाला पडावे लागणार होते? पुढेही कित्येक वर्षे शहरातली घड्याळे ‘मुंबई टाइम’ दाखवीत राहिली. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात अधिक वाहतो, म्हणून मळ्यावरच्या मजुराची हजेरी मुळातच उजाडण्याआधीची. त्याच्यासाठी घड्याळाचा काटा कोणीही पुढे सारला, तरी सूर्य काही लवकर उगवत नव्हता.

यानंतरची जी हकीकत आहे, तीसाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय घेतला.

१९४१ च्या पहिल्या सहामाहीत क्वालालंपूरजवळच्या क्लांग भागातल्या रबराच्या मळ्यांवर हिंदी मजुरांचे संप झाले. क्लांग जिल्ह्यातल्या इंडियन युनियनचे आर. एच. नाथन हे त्यांचे एक पुढारी. मागण्यांची यादी आम्ही पहिल्यांदा वाचली, तेव्हा ती आमच्याच कचेरीत लिहिल्यासारखी वाटली. चिनी मजुराइतकी मजुरी द्या. मुलांसाठी नीट शाळा द्या. दवापाण्याची सोय करा. मळ्यावरचे ताडीचे गुत्ते बंद करा. आमच्या नातेवाइकांना आमच्याकडे येऊ द्या. आणि या सगळ्यांत एक मागणी अशी होती, की साहेब किंवा त्याचा कारकून समोरून आला असता मजुराने सायकलवरून खाली उतरावे लागते, ती सक्ती बंद करा.

मित्रहो, आम्ही पुष्कळ मागणीपत्रे लिहिली आहेत. महागाईभत्ता, बोनस, गणवेश, चपला. पण ‘आम्हांला सायकलवर बसून राहू द्या’ ही मागणी पैशांत बसत नाही, म्हणून ती मालकांना सगळ्यांत महाग वाटते. नाथन यांना पकडून देशाबाहेर घालविण्यात आले. सैन्य बोलाविले गेले, आणि त्यात हिंदी शिपाईही होते. गोळीबार होऊन मजूर मेले. संप मोडला.

हे मे महिन्यापर्यंतचे. त्याच वर्षी ८ डिसेंबरला जपानी सैन्य मलायाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि दक्षिणेकडे निघाले. कशावर बसून? सायकलवर! हजारो जपानी शिपाई सायकलींवरून इंग्रजांनीच बांधलेल्या उत्तम डांबरी सडकांनी खाली आले. टायर फुटले तर ते नुसत्या लोखंडी धावेवर गाडी हाकीत, आणि रात्रीच्या वेळी तो खडखडाट ऐकून रणगाडे आले असे समोरच्याला वाटे, अशी आठवण लिहून ठेवलेली आहे. ज्या सडकांवर सहा महिन्यांपूर्वी मजुराला साहेबासमोर सायकलवरून उतरावे लागत होते, त्याच सडकांवरून साहेब मोटारी भरून सिंगापूरकडे पळाले. ११ जानेवारी १९४२ रोजी क्वालालंपूर पडले. ३१ जानेवारीला माघार घेणाऱ्या इंग्रजांनी कॉजवे उडविला. सुमारे सत्तर फुटांचे खिंडार पडले, ते जपान्यांनी थोड्याच दिवसांत बुजविले. १५ फेब्रुवारीला सिंगापूरने शरणागती पत्करली. क्वालालंपूर ते सिंगापूर हे अंतर त्या खेपेस पस्तीस दिवसांचे भरले.

सायकलवाल्यांनी साहेबाची खोड मोडली म्हणून मजुराचे भले झाले, असे मात्र कोणी समजू नये. जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गासाठी मलायातले तमिळ मजूर हजारोंनी उचलले. मालगाडीच्या डब्यांत कोंडून त्यांना उत्तरेला नेले, आणि त्यांतले हजारो परतलेच नाहीत. मलायाच्या पूर्व किनाऱ्याकडच्या फाट्याचे रूळ उखडून त्या मार्गासाठी नेण्यात आले. म्हणजे बापाने टाकलेले रूळ मुलाने उपटले आणि सयामच्या रानात पुन्हा टाकले, असेही काही घरांत घडले असणार. युद्धावरच्या चित्रपटांमुळे त्या मार्गावरचे गोरे युद्धकैदी जगाला ठाऊक झाले. तमिळ मजूर त्यांच्याहून कितीतरी अधिक मेले. त्यांची हजेरीपटावरसुद्धा धड नोंद नाही.

त्याच काळात उलट दिशेचा, म्हणजे दक्षिणेकडचा, एक प्रवासही घडला, त्याचा उल्लेख या सभेत केला नाही तर बरे दिसणार नाही. १९४३ च्या जुलैत सुभाषबाबू सिंगापुरात आले, आणि ऑक्टोबरात तिथे झाशीच्या राणीच्या नावाने स्त्रियांची पलटण उभी राहिली. क्वालालंपूरच्या जानकी देवर ही त्या वेळी अठराएक वर्षांची मुलगी त्या पलटणीत गेली आणि अधिकारपदाला चढली. मळ्यांवरच्या चीक काढणाऱ्या मुलीही गेल्या. झाशी कुठे, तांब्यांची मनू कुठे आणि सेलांगोरचे रबराचे मळे कुठे!

युद्धानंतरचे आम्ही भराभर सांगतो. अखिल मलाया कामगार संघटना महासंघाचे अध्यक्ष एस. ए. गणपती यांना पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून ४ मे १९४९ रोजी क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात फाशी दिले. भारत सरकारने केलेली रदबदली फुकट गेली. १९६२ च्या डिसेंबरात मलायाच्या रेल्वे कामगारांनी संप केला. रोजंदारीवर ठेवलेल्या हजारो माणसांना मासिक पगारावर घ्या, ही मुख्य मागणी. सुमारे तीन आठवडे गाड्या उभ्या राहिल्या. क्वालालंपूर ते सिंगापूर हे अंतर आगगाडीने किती, असा प्रश्न त्या तीन आठवड्यांत कोणी विचारला असता, तर त्याचे उत्तर गँगमनच्या वस्तीत जाऊन घ्यावे लागले असते.

आता विमान. सिंगापूरचा कल्लांग विमानतळ १९३७ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि त्याच महिन्यात वेअर्न कंपनीने सिंगापूर-क्वालालंपूर-पिनांग अशी विमानसेवा काढली. ती विमाने दोन पंख्यांची, आठएक उतारूंची, लाकूड आणि कापडाची. वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर. हिशेब केला तर क्वालालंपूरला दीड तास लागावा. युद्धानंतर मलायन एअरवेजने १९४७ च्या एप्रिलमध्ये याच वाटेवर पहिले उड्डाण केले, पाच उतारू घेऊन.

आणि इथे आम्हांला मोठी गंमत वाटते. आजचे जेट विमान त्या लाकडी विमानाच्या जवळजवळ चौपट वेगाचे आहे. तरी दीड तासाचा झाला एक तास! कारण तीनशे किलोमीटरांत विमान चढते आणि उतरते. पुरा वेग धरायला त्याला जागाच मिळत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांत इंजिनाने एवढा पराक्रम केला आणि उतारूच्या पदरात अर्धा तास पडला. तोही दुसऱ्या हाताने काढून घेतला गेला. क्वालालंपूरचा जुना विमानतळ सुंगाई बेसीला, शहराला लागूनच होता. १९६५ साली तो सुबांगला गेला. १९९८ साली सेपांगला गेला, शहरापासून पन्नास किलोमीटरांहून अधिक दूर. सेपांग दक्षिणेला, म्हणजे सिंगापूरच्याच दिशेला. आकाशातला रस्ता थोडा आखूड झाला आणि जमिनीवरचा पाचपट लांबला. पण वेळापत्रकात छापतात तो आकाशातलाच. घरातून निघणे, विमानतळ गाठणे, दोन तास आधी रांगेत उभे राहणे, पारपत्र, जोडे काढणे, उतरल्यावर पुन्हा पारपत्र, सामान, पुन्हा गाडी. त्या लोडरच्या भावाचे दुपारचे जेवण का चुकते, याचे उत्तर एवढ्यात आले.

मधल्या काळात राजकारणानेही या अंतराशी बराच खेळ केला. १९६३ साली सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी बाहेर पडले. एका देशातला प्रवास दोन देशांतला झाला. कॉजवेवर पारपत्राची तपासणी बसली. विमान कंपनी मात्र आणखी सात वर्षे एकत्र नांदली. १ ऑक्टोबर १९७२ पासून तिच्याही वाटण्या झाल्या : बोइंग जेट सिंगापूरकडे, छोटी फोकर मलेशियाकडे. भावांच्या वाटणीत भांडीकुंडी वाटावी तसे. त्यानंतर या दोन शहरांमधली उड्डाणे ही या दोन कंपन्यांची मक्तेदारी राहिली, ती २००८ च्या फेब्रुवारीपर्यंत. तासाभराच्या उड्डाणाचे भाडे असे ठेवलेले, की साध्या माणसाने बसच धरावी. स्वस्त विमान कंपन्यांना दार उघडले गेले तेव्हा कुठे भाडी खाली आली.

भांडणात वाटण्या झाल्या, तरी एका बाबतीत दोन्ही भावांचे एकमत होते. १९७९ साली मलेशियन कंपनीच्या कामगारांनी वेतनासाठी नियमावर बोट ठेवून काम सुरू केले. सरकारने संघटनेच्या पुढाऱ्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली चौकशीवाचून स्थानबद्ध केले, संघटनेची नोंदणी रद्द केली, आणि पुढच्या वर्षी कामगार कायदेच आवळले. १९८० च्या नोव्हेंबरात सिंगापूरच्या कंपनीतील वैमानिकांनी तसेच केले. १ डिसेंबरला पंतप्रधान ली कुआन यू यांनी स्वतः त्यांच्या पुढाऱ्यांना बोलावून बजावले, की हे थांबवा, नाहीतर कंपनी नव्याने उभारू. त्यांच्यावर खटले झाले आणि पुढल्या वर्षी ती संघटना नाहीशी झाली. वैमानिक हा काही हमाल नव्हे. त्याचा पगार पाहून आमच्या सभासदांना घेरी येईल. पण नियमाप्रमाणे काम केले की उड्डाणे रखडतात, याचा अर्थ एरवी कोणीतरी नियमाबाहेर राबत होते. तो एक तास वेळेवर सुटतो तो असा.

आगगाडीचे पुढे काय झाले तेही सांगतो. सिंगापूरच्या तांजोंग पगारचे भव्य स्थानक १९३२ सालचे. स्थानक आणि रूळ सिंगापूरच्या भूमीवर, मालकी मलेशियाच्या रेल्वेची, असा तो चमत्कारिक संसार होता. ३० जून २०११ च्या रात्री तिथून शेवटची गाडी सुटली, ती जोहोरच्या सुलतानाने स्वतः हाकली. मग ९० मिनिटांत नेणाऱ्या ३५० किलोमीटरांच्या अतिवेगवान गाडीचा करार २०१६ साली झाला. २०२६ साली ती धावायची होती. २०२० च्या अखेरीस करार मोडला आणि मलेशियाने सिंगापूरला दहा कोटी सिंगापूर डॉलरांहून अधिक भरपाई दिली. एकही रूळ न टाकता मोजलेले हे पैसे. एवढ्या पैशात किती गँगमन मासिक पगारावर आले असते, हा हिशेब करण्याची आम्हांला खोड आहे. श्रोत्यांनी ती माफ करावी.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही तिघे क्वालालंपूरला गेलो होतो. परतीचे विमान सिंगापूरहून होते, तेव्हा ही वाट जमिनीवरून पाहावी म्हणून आम्ही बस धरली. रस्ता सुरेख. दोन्ही बाजूंना आता रबर कमी आणि तेलाच्या ताडाची लागवड अफाट. जोहोरपर्यंत चार तासांत पोचलो. तिथे सामानासह खाली उतरून मलेशियाचा शिक्का घ्यायचा, पुन्हा बसमध्ये बसायचे, बांध ओलांडायचा, पुन्हा सामानासह उतरून सिंगापूरचा शिक्का घ्यायचा. आमच्यातल्या एकाच्या कागदांची तपासणी लांबली. बाहेर येऊन पाहतो तो बस निघून गेलेली! तिकिटावर तसे बारीक अक्षरांत छापले होते म्हणे. बारीक अक्षरे वाचण्यात जन्म गेला, आणि इथे फसलो.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही मुद्दाम कॉजवेच्या सिंगापूरकडच्या तोंडाशी गेलो. अजून पुरता अंधार होता. पलीकडून मोटारसायकलींचा लोंढा येत होता. शिरस्त्राणे घातलेली माणसे, पाठीवर पिशव्या, जाकिटे उलटी घातलेली. मलेशियात राहायचे आणि सिंगापुरात कामाला यायचे, असे हे लोक. बांध एका किलोमीटरचा. गर्दीच्या वेळी तो ओलांडून तपासणी उरकायला तास, कधी दोन तास लागतात. वर आकाशात चांगीकडे उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसत होते.

एक तमिळ गृहस्थ गाडी बाजूला घेऊन पाणी पीत उभा होता, त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो. आजा रेल्वेत गँगमन, बाप मळ्यावर, आणि तो स्वतः एका कारखान्यात यंत्रावर. पाळी आठची. उठतो चारच्या आधी.

परत आल्यावर आम्ही हे सगळे त्या लोडरला टपरीवर सांगितले. जपानी सायकली, घड्याळाची मिनिटे, वैमानिकांचे प्रकरण, सगळे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, “त्या माणसाची हजेरी किती वाजल्यापासून लागते?”

“आठपासून. कारखान्याच्या फाटकावर,” आम्ही म्हणालो.

“आणि चार ते आठ?”

त्याची पाळी सुरू व्हायची होती. पेला ठेवून तो फाटकाकडे गेला.